आखूड नमस्कार

एक मुलगी होती. तिच्या आजीकडे एक पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत 61 पत्रं होती.

पत्रं आजीच्या थोरल्या भावाची. तो मुंबईला गिरणीत होता. परळला गाववाल्यांच्या खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा आणि महिना-दीड महिन्यानं कोकणात घरी वडिलांना, म्हणजे तात्यांना, पत्र टाकायचा. बहुतेक पत्रं निळी आंतर्देशीय, थोडी पोस्टकार्डं. घड्यांवर कागद विरत चालला होता. एका पावसाळ्यात पेटीच्या तळाला ओल लागली, तेव्हा मुलीनं ठरवलं की ही सगळी पत्रं टाइप करून ठेवायची. कागद गेला तरी शब्द राहतील.

मुलगी संगणक शिकलेली होती आणि लिहिण्यासाठी ईमॅक्स हा मजकूर-संपादक वापरायची. हा संपादक जुना आहे. 1976 साली अमेरिकेत, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, रिचर्ड स्टॉलमन आणि त्याच्या सोबत्यांनी टेको नावाच्या आणखी जुन्या संपादकासाठी लिहिलेल्या मॅक्रोंची एकत्र मोट बांधली, तिथून त्याची सुरुवात. आज लोक वापरतात तो जीएनयू ईमॅक्स 1985 पासूनचा. त्याचं मोठेपण असं की तो चालू असतानाच वापरणाऱ्याला त्याची घडण बदलता येते. कुठली कळ दाबली की काय व्हावं, कुठल्या फायलीत कसं वागावं, हे लिस्प भाषेत दोन ओळी लिहून त्याला सांगता येतं. माणसाच्या हाती इतकं देणारी साधनं थोडी आहेत, आणि मला ती फार मोलाची वाटतात. पण ज्याच्या हाती इतकं दिलं, त्याला आपण काय सांगून ठेवलं आहे हे लक्षातही ठेवावं लागतं.

ईमॅक्समध्ये अब्रेव्ह मोड नावाची एक सोय आहे. एखादा आखूड शब्द आणि त्याचा पुरा विस्तार एकदा सांगून ठेवायचा. पुढे तो आखूड शब्द लिहून स्पेस दिली, स्वल्पविराम दिला, पूर्णविराम दिला किंवा ओळ मोडली, की आखूड शब्द जातो आणि त्याच्या जागी पुरा शब्द येऊन बसतो. विचारत नाही, थांबत नाही. चालू आहे याची खूण एवढीच, की खिडकीच्या तळच्या पट्टीवर ‘अब्रेव्ह’ हा छोटा शब्द दिसत राहतो.

मुलीनं ही सोय सगळीकडे चालू ठेवली होती. सुरुवातीच्या फायलीत एक ओळ लिहिली की प्रत्येक नव्या मजकुरात ती आपोआप चालू होते, तशी ओळ तिनं लिहिलेली होती.

पहिल्या दिवशी तिनं ‘ती’ म्हणजे ‘तीर्थरूप’ असं सांगून ठेवलं. पत्रांत तो शब्द प्रत्येक वेळी होता, म्हणून. दहा मिनिटांत पडद्यावर दिसलं, ‘गाय व्याली का, तीर्थरूप दूध किती देते’. मराठीत ‘ती’ किती वेळा येते याचा तिनं विचार केला नव्हता. तिनं ते पुसलं आणि एक नियम शिकली. आखूड रूप असं निवडावं की जे एरवी मराठीत शब्द म्हणून येतच नाही. ‘ती’च्या जागी ‘तीरू’ आलं.

मग तिनं ‘सानविवि’ घातलं. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ज्यांनी हातानं पत्रं लिहिली त्यांना हे सांगायला नको. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो अख्खा नमस्कार लिहायला मधल्या स्पेस धरून 29 ठोके लागतात, ‘सानविवि’ला 7. शिवाय ‘सानविवि’ हा काही शब्द नाही, त्यामुळे ‘ती’सारखा घोळ होणार नव्हता. दादाआजोबांनी, म्हणजे आजीच्या त्या भावानं, नमस्कार नेहमी पुरा लिहिलेला होता. आंतर्देशीय पत्राची पहिली ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत त्या नमस्कारानंच भरायची. मुलीनं पहिली वीसएक पत्रं तशी पाहिली आणि मग पाहणं सोडून दिलं. डोळे कागदावर, बोटं कळांवर, पडद्याकडे अधूनमधून. टाइप करणाऱ्याची हीच तर हातोटी असते. ईमॅक्स ती बंदही करत नसे. रात्री लॅपटॉपचं झाकण मिटायची आणि सकाळी जिथं होतं तिथून पुढं.

पंधरा दिवसांत 61 पत्रं झाली. तिनं ती छापून घेतली, तालुक्याला जाऊन बांधून आणली आणि आजीच्या हातात दिली.

आजी चष्मा लावून पडवीत बसली. ती त्या काळची सातवी झालेली, वाचनाची सवय असलेली. दोन दिवस ती वाचत होती. मध्येच हसायची, मध्येच थांबून अंगणाकडे बघायची. तिसऱ्या दिवशी ती एका पानावर अडली. मागं गेली, पुढं आली, पुन्हा मागं गेली.

“बाय, इकडे ये जरा. यातलं भांडण कुठं गेलं?”

“कसलं भांडण, आजी?”

“दादाचं आणि तात्यांचं. चार पत्रांत होतं ते. मला पान सापडत नाही.”

मुलीला वाटलं, आजीचा काही गोंधळ होतोय. चारही पत्रं तिथंच होती, एकही शब्द गळला नव्हता. पाऊस कसा आहे, आईचा गुडघा कसा आहे, संप चालूच आहे, प्रकृतीस जपावे. भांडणाचं वाक्य कुठंच नव्हतं.

आजीनं पेटी उघडली. बोटांनी चाळत एक निळा कागद काढला आणि मुलीच्या हातात दिला. वरची ओळ होती: ‘तीर्थरूप तात्यांस, सानविवि’. मग अर्धी ओळ मोकळी. मग खाली सुरुवात.

मुलीनं छापील पान पाहिलं. तिथं होतं: ‘तीर्थरूप तात्यांस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष’.

आजी म्हणाली, “हेच ते भांडण.”

मग तिनं सांगितलं. 1982 सालची गोष्ट. जानेवारीच्या 18 तारखेला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत दादा एक. पगार बंद. खानावळीचे पैसे थकले. गावोगावचे कितीतरी कामगार तेव्हा घरी परतले आणि शेतीला लागले. तात्यांना वाटत होतं, दादानंही यावं. मृग तोंडावर होता, पेरणीला हात हवे होते. दादा म्हणत होता, बरोबरची माणसं गिरणीच्या दारात उभी असताना मी पाठ कशी फिरवू. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आजीचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. घरात पत्र वाचून दाखवायची तीच आणि उत्तर लिहायची तीच. एक दिवस तात्या तापले आणि म्हणाले, लिही, यायचं नसेल तर पत्रही टाकू नको. तिनं लिहिलं. आशीर्वाद सोडून बाकी सगळं लिहिलं, कारण त्या दिवशी तात्यांनी आशीर्वाद सांगितला नव्हता.

त्याला दादाचं उत्तर आलं ते हे. एकही कडू शब्द नाही. बापाला उलटून बोलायची त्याची रीत नव्हती. फक्त जन्मात पहिल्यांदा त्यानं नमस्कार आखूड केला होता.

“मग तू ते तात्यांना वाचून दाखवलंस?”

“दाखवलं. आणि नमस्कार पुरा वाचला. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मोठ्यानं. चारही पत्रांना तसंच केलं. म्हटलं, बापलेकांच्या मध्ये माझ्या जिभेनं कशाला दरी पाडू.”

मुलगी गप्प राहिली. म्हणजे तिच्या ईमॅक्सनं जे केलं होतं तेच आजीनं चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं. आखूड लिहिलेलं पुरं करून दिलं होतं.

तिनं तसं बोलूनही दाखवलं. “मग माझं काय चुकलं, आजी? तूसुद्धा पुराच नमस्कार वाचलास.”

“वाचला. कागदावर नाही लिहिला.” आजीनं निळ्या कागदाची पहिली ओळ अंगठ्यानं चाचपली. “ऐक पुढं. मी वाचून झालं की तात्या पत्र मागून घ्यायचे. अक्षर येत नसलं तरी हातात धरून बघायचे. त्या दिवशी त्यांनी असाच अंगठा फिरवला, इथून निघाला आणि इथं थांबला. पुढं कोरं. काही बोलले नाहीत. पत्र खुंटीच्या पिशवीत ठेवून दिलं. मला वाटलं, फसले. गणपतीला दादा आला नाही. दरवर्षी यायचा, त्या वर्षी नाही आला. विसर्जन झाल्यावर एक गाववाला मुंबईला परत निघाला, तेव्हा तात्यांनी कणगीतले तांदूळ काढले, पोतं शिवलं आणि एसटीच्या टपावर स्वतः चढवलं. म्हणाले, त्याच्या खोलीवर नेऊन टाक, आणि सांग, बापानं पाठवलेत. मला नंतर म्हणाले, तू वाचायचीस ते लांब होतं, कागदावरचं आखूड होतं. त्याचा हात आखडला होता गं, मला दिसत होतं.”

पडवीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

“मी वाचताना जे घातलं ते माझं होतं,” आजी म्हणाली. “ते मला ठाऊक होतं. कागद दादाचा होता, त्यावर मी ठिपका टाकला नाही. मी तिथं शाईनं पुरं करून ठेवलं असतं तर तात्यांना काय दिसलं असतं? आपलं बोलायचं तेव्हा हवं तेवढं पुरं बोलावं, बाय. पण दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवताना त्याचं अपुरं असेल ते अपुरंच ठेवावं. ते त्यानं ठेवलेलं असतं.”

मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. ईमॅक्समध्ये अब्रेव्हची सगळी यादी बघता येते. प्रत्येक आखूड रूपासमोर एक आकडा असतो, ते रूप आजवर किती वेळा फुललं याचा. ‘सानविवि’समोर आकडा होता 61. एवढंच. त्यांतले किती तिनं हवे म्हणून फुलवले आणि किती तिला न कळता फुलले, हे त्या आकड्यात नव्हतं. यंत्राच्या लेखी ते 61 प्रसंग एकसारखे होते. 57 पत्रांत कागदावर पुरा नमस्कार होता आणि तिनं मेहनत वाचवायला आखूड लिहिला. चार पत्रांत कागदावरच आखूड होता आणि तिनं तो जसाच्या तसा लिहिला. पडद्यावर आलं ते एकच.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं, कारण या मुलीची चूक नेमकी कुठं झाली हे बघण्यासारखं आहे. तिच्या बोटांनी काही चुकीचं लिहिलं नव्हतं. त्या चार पत्रांत तिनं ‘सा’पासून ‘वि’पर्यंत कागदावरचंच अक्षर न् अक्षर लिहिलं, आणि मग स्पेस दिली. चूक त्या स्पेसनंतर झाली. ‘तीर्थरूप दूध किती देते’ ही चूक ओरडून सांगत होती, म्हणून ती दहा मिनिटांत सापडली. ही चूक सभ्य होती. वाचायला शुद्ध, पाहायला नीटनेटकी, मूळ कागदापेक्षा जास्त शिष्टाचाराची. मुद्रितं तपासणारा कितीही तरबेज असो, छापील पान वाचून त्याला ती सापडणार नाही, कारण पानात खटकण्यासारखं काही नाहीच. ती ज्याला मूळ कागद आठवतो त्यालाच सापडते. आजी नसती तर ते तांदळाचं पोतं कशासाठी गेलं हे पुढच्या कुणालाच कळलं नसतं, आणि पत्रं जपल्याचं समाधान मात्र सगळ्यांना असतं.

आपल्याकडे जुन्या कागदाच्या नकलेवर ‘अस्सलबरहुकूम’ असं लिहायची पद्धत होती. अस्सलाप्रमाणे, जसं आहे तसं. मोडी कागद तर संक्षेपांनी भरलेले असत. राजश्रीचं ‘रा’, मुक्कामाचं ‘मु’. लिहिणाऱ्याला घाई असे, कागद महाग असे, वाचणाऱ्याला रीत ठाऊक असे. पण कुणी कुणाला पुरं लिहिलं आणि कुणाला आखूड, यातही काही सांगितलेलं असू शकतं. ते सांगणं ओळखता आलं नाही तरी चालेल. नक्कल करणाऱ्यानं ते पुसू नये.

ईमॅक्स घडवणाऱ्यांना ही अडचण माहीत नव्हती असं नाही. एकाच जागी विस्तार नको असेल तर आखूड शब्द लिहून कंट्रोल-क्यू दाबायचं आणि मग स्पेस द्यायची, शब्द तसाच राहतो. विस्तार झाल्यावर लक्षात आलं तर तो मागं घेण्याचीही आज्ञा आहे. व्हिम हा दुसरा जुना संपादक, 1991 पासूनचा. त्यात तेच काम कंट्रोल-व्ही करतं. शिवाय व्हिममध्ये ‘पेस्ट’ नावाचा एक पर्याय आहे. बाहेरचा मजकूर आत आणायचा तेव्हा तो लावायचा, म्हणजे तेवढा वेळ सगळे संक्षेप निजून राहतात. बाहेरून आलेल्या मजकुराला आपल्या सवयींचा हात लागू नये, हे ज्यानं हा पर्याय ठेवला त्यानं ओळखलं होतं. मात्र यातल्या काही सोयी पडद्याकडे बघत लिहिणाऱ्याला उपयोगी. मुलीचे डोळे कागदावर होते. तिला एकेका शब्दापुरता अडसर पुरणार नव्हता, दारच बंद करायला हवं होतं.

तिनं मेटा-एक्स दाबून ‘अब्रेव्ह-मोड’ लिहिलं आणि एंटर दिलं. खाली ओळ आली, या मजकुरात अब्रेव्ह मोड बंद झाला. तळच्या पट्टीवरचा छोटा शब्द गेला. तिनं ‘सानविवि’ लिहून स्पेस दिली. ‘सानविवि’च राहिलं.

इतकं झाल्यावर ती घाबरली होती, म्हणून तिनं सुरुवातीच्या फायलीतली ती ओळही काढून टाकली आणि ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडला. आता कुठल्याच मजकुरात काही फुलणार नव्हतं. मग तिनं 61 पत्रं पहिल्यापासून, कागदाशी ताडून पुन्हा लिहायला घेतली, आणि त्यांच्याबरोबर त्याच फायलीत स्वतःच्या टिपा. संप कधी, खोली कुठं, कोण गाववाला. टिपांत तिची बोटं जुन्याच सवयीनं चालत होती. गिरणी कामगारासाठी ‘गिका’, आंतर्देशीय पत्रासाठी ‘आंप’. टिपांची काही पानं तिनं बोरिवलीच्या मामाला पाठवली. रात्री त्याचा फोन आला. “अगं, हा गिका कोण? आपल्यात तर असं नाव कुणाचं ऐकलं नाही.” तो खरंच कुणा माणसाचा शोध घेत होता. मुलीला वाईट वाटलं. पत्रांवर अन्याय होऊ नये म्हणून तिनं जे बंद केलं, ते बंद राहिल्यानं वाचणाऱ्यावर अन्याय झाला होता. तिचे स्वतःचे शब्द पुरे करणं हे तिचंच काम होतं आणि ते अर्धवट राहिलं होतं.

म्हणून तिनं एफ-आठ या कळीवर ती आज्ञा बांधली. पत्र लिहायला घेतलं की कळ दाबायची, टिपांकडे वळलं की पुन्हा दाबायची. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी पत्र लिहिता लिहिता दारात मासेवाली आली, मुलगी उठली, परत येऊन बसली आणि कळ दाबली. मोड आधीच बंद होता. दाबल्यानं तो चालू झाला. नुसती हाक मारली तर ही आज्ञा जे असेल त्याच्या उलट करते. तुमच्या मनात काय आहे हे तिला कसं कळावं? या वेळी मुलगी पडद्याकडे बघत होती म्हणून नमस्कार फुलताना तिनं पाहिला आणि हात थांबवला.

पण याच आज्ञेला आकडा देता येतो. धन आकडा दिला तर ती चालूच करते, आधी चालू असो की बंद. ऋण दिला तर बंदच करते. मुलीनं दोन कळा केल्या, एक नुसती चालू करणारी, एक नुसती बंद करणारी. आणखी एक गोष्ट तिच्या तेव्हा ध्यानात आली, जी पहिल्यापासून तिच्यासमोर होती. अब्रेव्ह मोड हा मजकुरागणिक वेगळा असतो. ईमॅक्स एकच, पण एका खिडकीत तो जागा आणि शेजारच्या खिडकीत निजलेला असू शकतो. तिनं टिपा वेगळ्या फायलीत हलवल्या आणि पडदा उभा दुभागला. डावीकडे पत्रं, उजवीकडे टिपा. पत्रांच्या फायलीच्या माथ्यावर तिनं एक ओळ लिहून ठेवली, की ही फाइल उघडताना अब्रेव्ह मोड बंद राहावा. टिपांच्या माथ्यावर उलट. उजव्या खिडकीच्या तळाशी तो छोटा शब्द दिसायचा, डाव्या खिडकीच्या तळाशी ती जागा मोकळी. कामाला बसताना आधी ती त्या दोन जागांकडे बघायची. आजी देवासमोर बसताना समईत तेल आहे का ते बघते, तसं.

उजवीकडे ‘गिका’ लिहिलं की गिरणी कामगार येऊ लागले. डावीकडे दादाआजोबांनी जे लिहिलं तेच.

आता काम हळू चालत होतं. पुरा नमस्कार पुरा लिहावा लागायचा, 29 ठोके. मुलीला पहिल्या दिवशी ते जड गेलं. नंतर तिला जाणवलं की दादाआजोबांनीही ते प्रत्येक वेळी हातानंच लिहिलं होतं, पाळी करून आल्यावर, खोलीतल्या दहा माणसांत कुठंतरी गुडघ्यावर पाटी घेऊन. आखूड करायची सोय त्यांनाही होती. वर्षानुवर्षं त्यांनी ती वापरली नाही. मग चार वेळा वापरली.

ती चार पत्रं आली तेव्हा मुलीनं आजीला शेजारी बोलावलं. ‘तीर्थरूप तात्यांस, सानविवि’. स्पेस. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या. काही झालं नाही. अर्धी ओळ मोकळी राहिली.

पाचवं पत्र तांदूळ पोचल्यानंतरचं होतं. तांदळाचा त्यात नुसता उल्लेख, पोते मिळाले, सर्वांनी मिळून खाल्ले. वर पहिली ओळ पुन्हा या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेली. मुलीनं ती लिहिली, एकेक अक्षर.

दुसऱ्यांदा बांधून आणलेली वही तिनं आजीला दिली. आजीनं चष्मा शोधला नाही. सरळ मधली पानं उघडली, अंगठा पहिल्या ओळीवर ठेवला आणि एकेक पान उलटत गेली. लांब. लांब. आखूड. आखूड. आखूड. आखूड. मग एका पानावर अंगठा थेट कडेपर्यंत गेला.

“इथं तांदूळ पोचले,” आजी म्हणाली.